तोळामासा

काल आमच्याकडे महालक्ष्म्या जेवल्या आणि आज सकाळी काट्यावर ६३.९.

काल सकाळी हाच काटा, हीच फरशी, हाच जुना गाऊन, आणि आकडा होता ६२.१. म्हणजे एका दिवसात एक किलो आठशे ग्रॅम. आमच्या घरी सोळा भाज्यांचा नेम आहे, त्यात कटाची आमटी, पंचामृत, भजी, आंबील, पुरणपोळी, आणि सवाष्णी जेवून उठेपर्यंत आम्हा घरच्या बायकांना चार वाजतात, मग जी भूक लागलेली असते त्या भुकेला पोळी किती खाल्ली हे मोजायचं भान नसतं आणि मला वाटतं नसूही नये. मी तीन पोळ्या खाल्ल्या तुपासकट, आमटी दोनदा घेतली. रात्री परत थोडी आमटी आणि भात.

आता हिशोब करा. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी. एक किलो आठशेची चरबी व्हायला मला रोजच्या गरजेच्या वर जवळजवळ १४,००० कॅलरी खायला लागतील. एका पुरणपोळीला तुपासकट साडेतीनशे धरल्या तरी चाळीस पोळ्या, त्याही रोजचं सगळं जेवण झाल्यावर वेगळ्या. मी तीन खाल्ल्या. मग काट्यावर दिसतंय ते काय आहे? ते पाणी आहे, मीठ आहे, पोटात अजून पचत असलेलं पुरण आहे. चार-पाच दिवसांत यातलं बहुतेक निघून जाईल. हे मी आज शांतपणे लिहू शकतेय, पण चार वर्षांपूर्वी याच सणाच्या दुसऱ्या दिवशी जवळजवळ असाच आकडा बघून मी जे केलं त्याबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात होतं.

मी ७६ किलोवरून ६२ वर आले त्याला दीड वर्ष लागलं. ते कसं केलं यात नवीन काही नाही, चालणं, जेवणात डाळ-भाजी जास्त आणि सेव-कचोरी कमी, रात्रीचं लवकर. इंदूरला सेव कमी करणं म्हणजे काय हे इथे राहणाऱ्यालाच कळेल, इथे पोह्यांवर सेव, वरणावर सेव, भाजी नसेल तर सेवेचीच भाजी. पण ते झालं. वजन उतरत असताना दर महिन्याला काहीतरी कमी व्हायचं, लोक विचारायचे, ब्लाऊज आत घ्यायला लागायचे, टेलरकाकासुद्धा खूष. उतरण्याच्या काळात एक दिशा असते ना, त्यामुळे मधले चढउतार टोचत नाहीत, आज अर्धा किलो वाढलं तरी पुढच्या आठवड्यात एक किलो जाणार हा भरवसा असतो.

६२ आलं आणि तो भरवसा संपला. आता आकडा कुठेच जायचा नव्हता, तिथेच थांबायचा होता, आणि मला कोणी सांगितलंच नव्हतं की तो थांबत नाही. ६२ म्हणजे मी एक खुंटी समजत होते, छत्री अडकवली की अडकवली. रोज सकाळी ६२.० दिसलं की दिवस चांगला, ६२.६ दिसलं की सकाळचे पोहे अर्धे, ६३ दिसलं तर दिवसभर कोणाशी धड बोलायचे नाही. घरात सगळ्यांना कळायचं की आज काटा काय म्हणाला. मुलीने एकदा विचारलं, आई आज किती आहे, आणि तिला माझं वजन विचारायचं नव्हतं, आज माझ्याशी कसं बोलायचं ते विचारायचं होतं. हे मला खूप नंतर समजलं.

ती तेव्हा पुण्याला शिकत होती. डिसेंबरात घरी आली की पहिल्या रात्री सराफ्यात जायचं हा आमच्या दोघींचा ठरलेला कार्यक्रम, ती पाचवीत असल्यापासूनचा. ज्यांनी सराफा पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते, राजवाड्याच्या मागे सोन्याचांदीच्या पेढ्यांची गल्ली आहे, दिवसा तिथे दागिने विकले जातात आणि रात्री पेढ्या बंद झाल्या की त्यांच्याच ओट्यांपुढे खाण्याचे ठेले लागतात, भुट्ट्याचा कीस, खोबऱ्याचे पॅटिस, साबुदाण्याची खिचडी, शिकंजी, मावाबाटी, आणि थंडीत गराडू. गराडू म्हणजे एक कंद, तेलात दोनदा तळतात आणि वर लिंबू नि गराडूचा मसाला. त्या वर्षी सकाळी काट्यावर ६२.८ होतं. मी सराफ्यात गेले, तिच्यासाठी गराडूची प्लेट घेतली, आणि मी खाल्ला नाही. एक तुकडासुद्धा नाही. ती म्हणाली, आई एक घे ना, आणि मी म्हटलं तू खा. तिने चार तुकडे खाल्ले आणि प्लेट ठेवून दिली, पुढे काही घ्यायला पण थांबलो नाही, सरळ घरी आलो. ती काही बोलली नाही. तो आठशे ग्रॅम तेव्हा काय होता ते मी आज सांगू शकते, माझी पाळी दोन दिवसांवर आली होती, एवढंच. पाळीच्या आधी शरीर पाणी धरून ठेवतं, माझं तर किलोभर वाढतं आणि पाळी सुरू झाली की आपोआप जातं. त्या किलोभर पाण्यापायी मी लेकीची एक संध्याकाळ घालवली.

आणि मग त्याच्या पुढच्या भाद्रपदात ते महालक्ष्म्यांचं झालं. सकाळी ६४ ला फक्त शंभर ग्रॅम कमी. मी इतकी घाबरले की दोन दिवस जवळजवळ काही खाल्लं नाही, मीठ पूर्ण बंद केलं, ताक नाही, वरण नाही, नुसती काकडी आणि ब्लॅक कॉफी, वर सकाळ-संध्याकाळ चालणं दुप्पट. भाद्रपदातलं इंदूरचं ऊन, पाऊस थांबलेला, हवा नुसती उकडलेली. तिसऱ्या दिवशी अन्नपूर्णा मंदिराच्या रस्त्यावर मला चक्कर आली. फुलं विकणाऱ्या बाईने धरून बसवलं, पाणी दिलं, तिचे उपकार मी विसरणार नाही. जवळच्या दवाखान्यात बीपी बघितलं, खाली आलेलं होतं, आणि अर्धा लिटर सलाईन लावली.

तिथे पडल्या पडल्या मी बाटलीकडे बघत होते कारण दुसरं करायला काही नव्हतं. बाटलीवर लिहिलेलं ०.९ टक्के. म्हणजे एक लिटर पाण्यात ९ ग्रॅम मीठ. पेशींच्या बाहेरचं जे पाणी शरीरात असतं त्याचा खारेपणा साधारण एवढाच असतो आणि शरीर तो बदलू देत नाही, म्हणून तर ते प्रमाण ठरवलंय. उलटा विचार केला तर असं की मी रोजच्यापेक्षा ४-५ ग्रॅम मीठ जास्त खाल्लं तर ते मीठ किडनीने बाहेर टाकेपर्यंत त्याच्यासोबत अर्धा लिटर पाणी शरीराला धरून ठेवावं लागणार. अर्धा लिटर म्हणजे अर्धा किलो. जागतिक आरोग्य संघटना म्हणते दिवसाला ५ ग्रॅमच्या आत मीठ खा, आणि आमच्या सणाच्या ताटात भजी, पापड, कुरडया, लोणचं, आमटी, पंचामृत, सोळा भाज्या, कितीही कमी धरलं तरी ती हद्द कधीच ओलांडलेली असते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी काट्यावर उभी राहिले तर आदल्या दिवशीपेक्षा अर्धा किलो वाढलेलं. ते सलाईन होतं. एक घास न खाता अर्धा किलो, नळीतून आलेला, मी डोळ्यांनी थेंब थेंब बघितलेला.

तरी मला नीट समजलं ते सलाईनने नाही, नानांनी समजावलं तेव्हा.

नाना म्हणजे माझे सासरे. इथल्या एका कापड मिलमध्ये त्यांनी तीस वर्षं काढली, त्यातली बरीचशी कापसाच्या गाठी तोलण्याच्या खात्यात. मिली बंद पडल्या, मिल एरियात आता दुकानं नि फ्लॅट आहेत, पण अनंत चतुर्दशीला मिलवाल्यांच्या झांक्या, म्हणजे चित्ररथ, अजून निघतात आणि नाना शेवटपर्यंत त्या बघायला रात्रभर जागायचे. तर नानांना हार्टचा त्रास सुरू झाला होता, हृदय नीट पंप करत नव्हतं, त्यामुळे अंगात पाणी साठायचं. डॉक्टरांनी लघवीची गोळी दिली होती आणि सांगितलं होतं रोज सकाळी वजन करा, चहाच्या आधी, बाथरूमला जाऊन आल्यावर, त्याच कपड्यात, आणि वहीत लिहा, दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर लगेच फोन करा, वाट बघू नका. म्हणजे आमच्या घरात आधी काटा आला तो नानांसाठी. माझा तो नंतर झाला.

नानांची वही मिलच्या पद्धतीची. तीन रकाने, तारीख, वजन, शेरा. शेऱ्यात ते लिहायचे, पाय ठीक. किंवा, अंगठा दाबला, खड्डा राहिला. नडगीवर अंगठा दाबून ते बघायचे की खळगा किती वेळ राहतो. त्यांच्यासाठी वजन ही पाण्याचीच गोष्ट होती, सुरुवातीपासून, त्यात लाज वाटण्यासारखं किंवा अभिमान वाटण्यासारखं काही नव्हतं.

दवाखान्यातून आल्यावर संध्याकाळी त्यांनी मला बोलावलं. म्हणाले, सूनबाई, बसा. मग म्हणाले, कापसाची गाठ १७० किलोची असते. असते म्हणजे धरतात. तीच गाठ उन्हाळ्यात गोदामात तोला आणि पावसाळ्यात तोला, वेगळी भरेल. कापूस हवेतलं पाणी पितो. पूर्ण कोरड्या १०० किलो कापसाला साडेआठ किलो पाणी हे व्यवहारात धरूनच चालतात, दमट हवेत त्याहून जास्त, लू चालली की कमी. आता सांगा, श्रावणात गाठ जड भरली म्हणून कोणी म्हणेल का की कापूस वाढला?

मी म्हटलं, नाही.

मग म्हणाले, आम्ही तोलताना हवा पण बघायचो.

एवढंच बोलले आणि टीव्ही लावला. मला त्या वेळी रडू आलं आणि मी स्वयंपाकघरात निघून गेले. पण दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या वहीसारखी मी पण वही केली, शेऱ्याच्या रकान्यासकट, आणि मला वाटतं माझ्या वजनाच्या सगळ्या प्रवासात सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तो शेऱ्याचा रकाना आहे. नुसता आकडा लिहिला की तो अंगावर येतो. शेजारी आदल्या दिवशी काय झालं ते लिहिलं की दोन-तीन महिन्यांत आपल्याच शरीराच्या सवयी दिसायला लागतात.

माझ्या दिसल्या त्या अशा. रात्रीच्या बसने पुण्याहून आले की बारा-तेरा तास बसून पाय सुजलेले असतात, आठशे ग्रॅम जास्त, दोन दिवसांत खाली. रविवारी दाल-बाफले झाले की सोमवारी वर. पोट साफ नसलं की वर, यात लपवण्यासारखं काय आहे. रालामंडलची टेकडी चढून आलो मैत्रिणी-मैत्रिणी, सवय नव्हती, मांड्या दुखत होत्या, आणि एवढा व्यायाम करून दुसऱ्या दिवशी सातशे ग्रॅम वाढ! आधी असतं तर हताश झाले असते. दुखऱ्या स्नायूंमध्ये दुरुस्ती चालू असते, त्या भागात सूज येते, सूज म्हणजे पाणी, दुखणं गेलं की तेही जातं. अंगठी हा पण एक काटाच आहे खरं तर, ज्या सकाळी अंगठी फिरत नाही त्या सकाळी वजन वरच असतं, मी आता आधी अंगठी फिरवून बघते आणि मग काट्यावर जाते, बहुतेक वेळा अंदाज बरोबर येतो.

आणि खालचे आकडेही तितकेच फसवे असतात, यावर कोणी बोलतच नाही. हरतालिकेला मी पाण्यावर उपास करते. यंदा दुसऱ्या दिवशी सकाळी ६१.१. पूर्वी असा आकडा दिसला की मला वाटायचं जमलं, उपासच करत राहावं. पण त्यात चरबी गेलेली फार थोडी असते. आपल्या यकृतात आणि स्नायूंमध्ये मिळून साधारण अर्धा किलो साखर साठवलेली असते, ग्लायकोजेन म्हणतात त्याला, आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमसोबत अंदाजे तीन ग्रॅम पाणी असतं. एक दिवस खाल्लं नाही की शरीर हा साठा वापरायला काढतं आणि त्याच्याबरोबरचं पाणी सुटतं, वजन धडकन खाली. मग चतुर्थीला मोदक खाल्ले की साठा परत भरतो, पाणी परत येतं, आकडा वर. त्यात मोदकाचं काही पाप नाही, रिकामं मडकं भरलं एवढंच. पहिल्या आठवड्यात तीन किलो उतरवून दाखवणारे जे डाएट असतात त्यांचं गुपित बरंचसं हेच आहे आणि माझी खरंच विनंती आहे की त्या तीन किलोंवरून कोणी स्वतःचं कौतुकही करू नये नि ते परत आले म्हणून स्वतःला दोषही देऊ नये.

हरतालिकेनंतरची सकाळ ६१.१ आणि आजची ६३.९. सहा दिवसांत दोन किलो आठशेचा फरक आणि या सहा दिवसांत मी जाड झाले नाहीये की बारीकही.

एक गंमत मला फार आवडते. इटलीत सांतोरिओ नावाचा एक डॉक्टर होता, पादुआच्या विद्यापीठात शिकवायचा, गॅलिलिओच्या काळातला. त्याने छताला टांगलेल्या मोठ्या तराजूला खुर्ची लावली आणि त्यावर बसून तो वर्षानुवर्षं स्वतःला तोलत राहिला, जे खाल्लं प्यायलं ते तोलायचं, जे शरीरातून बाहेर गेलं ते पण तोलायचं. १६१४ साली त्याचं पुस्तक आलं. त्याला आढळलं की आत गेलेल्यापेक्षा बाहेर दिसणारं बरंच कमी भरतंय, म्हणजे माणूस न दिसता सतत हलका होत असतो, कातडीतून आणि श्वासातून. मी हे घरी करून बघितलं. रात्री झोपताना ६२.७, पहाटे उठल्या उठल्या, बाथरूमलासुद्धा जायच्या आधी, ६२.३. चारशे ग्रॅम रात्रीत नुसते श्वासातून नि घामातून हवेत गेले. हे वाचल्यावर मला काय वाटलं सांगू, की चारशे वर्षांपूर्वी एक माणूस रोज खुर्चीत बसून आपलंच वजन हलताना बघत होता आणि त्याला भीती नाही वाटली, कुतूहल वाटलं.

मग काय करायचं, काटा फेकून द्यायचा का? माझ्या एका मैत्रिणीने तेच केलं, माळ्यावर टाकला, कारण रोज आकडा बघून तिचं खाणं-पिणं झोप सगळंच बिघडत चाललं होतं. तिने ब्लाऊज आणि बांगड्यांवर भरवसा ठेवला आणि ती बरी आहे, तिच्यासाठी तेच योग्य होतं. ज्यांना काट्यामुळे जेवणाचीच भीती बसते त्यांनी तो ठेवूच नये आणि कोणाशी तरी बोलावं, डॉक्टरांशी बोलावं, मी स्वतः त्या कडेपर्यंत गेलेली आहे म्हणून सांगते.

माझा स्वभाव वेगळा आहे, मला न बघता जास्त भीती वाटते. आणि वजन टिकवणं खरंच कठीण असतं, ही माझी कमजोरी नाही. वजन उतरल्यावर शरीरात लेप्टिन नावाचं भूक आवरणारं संप्रेरक कमी होतं, त्यामुळे भूक वाढते, आणि तेच काम करायला शरीर पूर्वीपेक्षा कमी ऊर्जा खर्च करतं. शरीर आपलं गेलेलं परत मागत असतं. अमेरिकेत १९९४ पासून अशा लोकांची नोंद ठेवलीय ज्यांनी कमीत कमी १३.६ किलो उतरवून वर्षभर तरी टिकवलं, त्यातले तीन चतुर्थांश लोक आठवड्यातून एकदा तरी वजन करतात. म्हणून मी रोज करते, पण रोजच्या आकड्यावरून काही ठरवत नाही. रविवारी सातही आकड्यांची बेरीज करून सातने भागते आणि तो एकच आकडा लाल पेनने लिहिते. रोजचे आकडे ६१ ते ६४ कुठेही जातात, लाल आकडा मात्र बहुतेक वेळा ६२ आणि ६२.५ च्या मध्ये राहतो. महिना महिना तसाच. ६२ ही खुंटी नव्हतीच, एखाद्या तळ्याचं पाणी जसं काठाला वरखाली होतं तसं ते होतं, आणि त्या तळ्याला कोणी रोज रागावत नाही.

लाल आकड्याने एकदा खरं पण सांगितलं. नाना शेवटी आजारी होते तेव्हाचे तीन महिने. हॉस्पिटलच्या रात्री, कँटीनचे समोसे, चहा, चालणं बंद, झोप नाही. रोजचे आकडे तेव्हाही वरखाली नाचतच होते, कधी कधी ६२.४ पण दिसायचं आणि मी म्हणायचे ठीक आहे. पण रविवारचे आकडे बघा, ६२.३, ६२.६, ६२.९, ६३.३, मग पुढे ६४.१. ते पाणी नव्हतं. माझं पाणी असं पायरी पायरीने चढत नाही. ती चरबी होती, दुःखात नि धावपळीत खाल्लेली, आणि मला त्याबद्दल अजिबात पश्चात्ताप नाही, त्या वेळी नानांजवळ बसणं महत्त्वाचं होतं. तेरावं झाल्यावर परत चालायला लागले, रात्रीचं जेवण परत आठच्या आत, आणि पाच-सहा महिन्यांत हळूहळू लाल आकडा परत जागेवर आला. उपास नाही, मीठ बंद नाही. पूर्वीची मी असते तर ६२.४ दिसलं त्या दिवशी खूष आणि ६३.८ दिसलं त्या दिवशी उपाशी असं करत करत कुठे पोचले असते माहीत नाही.

सराफ्यातून जाताना अजून एक जाणवतं. दिवसा त्या पेढ्यांवर काचेच्या पेटीत काटा ठेवलेला असतो, पंख्याच्या वाऱ्याने हलू नये म्हणून पेटीत, आणि त्यावर सोनं मिलिग्रॅमपर्यंत तोलतात. जुना हिशोब बारा माशांचा एक तोळा, तोळा म्हणजे ११.६६ ग्रॅम. सोनं असं तोलता येतं कारण सोनं पाणी पीत नाही, घाम गाळत नाही, त्याला पाळी येत नाही, ते काल जेवढं होतं तेवढंच आज असतं. आजी म्हणायची एखाद्याची तोळामासा प्रकृती आहे, म्हणजे नाजूक, घटकेत तोळा घटकेत मासा. मला आता वाटतं सगळ्याच जिवंत माणसांची तशी असते. मी कितीतरी दिवस स्वतःला सोन्याच्या काट्यावर तोलत होते आणि मी कापूस होते.

मागच्या डिसेंबरात लेक आली तेव्हा आम्ही सराफ्यात गेलो. गराडूच्या दोन प्लेट घेतल्या. मी तिला ती जुनी रात्र आठवते का विचारलं, म्हटलं, मला माफ कर. ती म्हणाली, आई, मला वाटलं होतं मी काहीतरी चुकीचं बोलले. एवढी वर्षं ती हे मनात घेऊन होती. आम्ही बराच वेळ तिथेच ओट्यावर बसलो, थंडी होती, मग शिकंजी घ्यायची की मावाबाटी यावर वाद झाला आणि दोन्ही घेतलं.

नानांना जाऊन आता दोन वर्षं होतील. त्यांची वही मी ठेवलीय, माझी भरली तेव्हा नवीन आणली नाही, त्यांच्याच वहीत मागे उरलेल्या कोऱ्या पानांवर लिहायला लागले. आज ६३.९ लिहायला वही उघडली आणि सहज मागे उलटत गेले, त्यांच्या शेवटच्या महालक्ष्म्यांपर्यंत. त्यांचं अक्षर शेवटी शेवटी थरथरायला लागलं होतं पण रकाने सरळ. आदल्या दिवशी ५८.२. जेवणाच्या दुसऱ्या दिवशी ५८.९. शेऱ्यात लिहिलंय, कटाची आमटी दोन वाट्या. सूनबाई नको म्हणाल्या, मी मागून घेतली. पाय ठीक.

मी माझ्या पानावर आले. तारीख, ६३.९, आणि शेऱ्यात लिहिलं, महालक्ष्म्या, आमटी मीही दोनदा, अंगठी घट्ट. पातेल्यात थोडी आमटी उरली आहे, दुपारी भाताबरोबर गरम करीन.